बिनतेलाचे दहा दिवस

खोलीतला पंखा बंद होता, खिडकी बंद होती, आणि पलीकडच्या खोपट आगारात मागे सरकणाऱ्या एसटीची शिट्टी काचेपर्यंत येऊन विरत होती. खुर्चीत बायजा ताठ बसली होती. तिच्या मागे समृद्धी उभी होती. तिच्या दहाही बोटांना खोबरेल तेल लागले होते. समोरच्या पडद्यावर बत्तीस नाजूक रेघा उमटायला हव्या होत्या, तिथे बत्तीस काळी झुडपे उगवली होती. आणि बायजाच्या चापून बसवलेल्या, चकचकीत केसांवरून मी हळूहळू घसरत होते.

मित्रांनो, डोक्यावर घालतात म्हणून मला टोपी म्हणायचे, इतकेच. मी ऊन अडवत नाही, पाऊस अडवत नाही. मी निळ्या ताणकापडाची आहे. माझ्या अंगभर बत्तीस भोके आहेत, प्रत्येक भोकात प्लास्टिकची कडी, कडीत एक चंदेरी चकती आणि चकतीतून निघालेली एक रंगीत तार. माणसाच्या मेंदूत अखंड वीज खेळत असते. कवटीच्या हाडातून पाझरून ती कातडीपर्यंत येते तेव्हा इतकी क्षीण झालेली असते, की तिच्यावर मुंगीच्या पायाखालचा दिवाही लागणार नाही. ती मी टिपते आणि यंत्राच्या स्वाधीन करते. यंत्र तिच्या रेघा काढते. लोकांना वाटते, मला डोक्यातले विचार कळतात. तसे नाही. मी केवळ निरोप्या आहे, आणि माझ्या हाती पडते ते पाकीट नेहमी बंदच असते.

मी कुठल्या देशात शिवली गेले ते आता सांगता येणार नाही. ते लिहिलेली पट्टी धुण्याधुण्यात पुसली गेली. ठाण्यातल्या या दवाखान्यात मी आले तेव्हा लक्ष्मी नावाची तंत्रज्ञ होती. प्रत्येक तपासणीनंतर ती मला कोमट पाण्यात बुडवी, जुन्या दातांच्या ब्रशने एकेका कडीतली पेस्ट काढी आणि पंच्यावर पालथी सुकत घाली. फिट येणारी मुले, झोप हरवलेली माणसे, शाळेत मधूनच हरवून जाणारी एक मुलगी, अशी किती डोकी मी जवळून ओळखली! "टोपी हलकी आहे, पोरं रडत नाहीत," असे डॉक्टर एकदा म्हणाले होते. माझ्या वाट्याला आलेले तेवढेच कौतुक. ते मी पुष्कळ वर्षे पुरवून वापरले.

मग नवे यंत्र आले, त्याच्यासोबत नवी टोपी आली, आणि लक्ष्मी निवृत्त झाली. मला थर्माकोलच्या एका डोक्यावर चढवून लोखंडी कपाटात ठेवण्यात आले. त्या डोक्याला नाक होते, हनुवटी होती. डोळ्यांच्या जागी दोन खोलगट जागा होत्या. सहा वर्षे मी त्याच्यावर बसून होते, आणि सहा वर्षांत त्याच्यात एकही लहर उठली नाही. माझे बत्तीस कान मी त्या पांढऱ्या शांततेला लावून ठेवले होते. मित्रांनो, एकटेपण म्हणजे जवळ कुणी नसणे नव्हे. कुणी अंगाला टेकलेले असावे आणि त्याच्यातून काहीच येऊ नये, हे एकटेपण.

कपाट उघडले ते समृद्धीने. डोंबिवलीच्या कडेला, जिथे नव्या इमारतींनी एका जुन्या आगरी गावाला चहूबाजूंनी गाठले आहे, तिथली ही मुलगी. मानसशास्त्रात एम. एस्सी. करून ती या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागली होती. दिवसभर ती नव्या टोपीने रुग्णांच्या तपासण्या करी. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला की डॉक्टरांच्या परवानगीने जुने यंत्र पुसून मांडी, मला त्याला जोडी आणि आपले स्वतःचे काम सुरू करी.

तिला मेंदूच्या अभ्यासात पीएच. डी. करायची होती, आणि तीही शिष्यवृत्तीच्या जागेवर. अशा जागा फार थोड्या असतात. तिने एकोणीस अर्ज केले होते. उत्तरे आली त्या सर्वांत प्रथम तिचे आभार मानलेले असत, आणि आभार दिसले की ती पुढे वाचत नसे. ती उठून माझ्या कड्या पुन्हा धुवायला घेई, आधीच स्वच्छ असलेल्या.

विसाव्या ठिकाणाहून मात्र नकार आला नाही. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेने कळवले, तुमचा प्रश्न आम्हांला आवडला. बारा माणसांवर प्राथमिक नोंदी घ्या, अमुक तारखेपर्यंत पाठवा, मग मुलाखत घेऊ.

तिचा प्रश्न असा होता. "आईने चुलीवर भात शिजवला" हे वाक्य ऐकताना मेंदू शांत असतो. "आईने चुलीवर चप्पल शिजवली" असे ऐकले, तर अर्ध्या सेकंदाच्या आत तो दचकतो. ही दचक रेघेत उतरते. परंतु ज्यांचे बालपण घरच्या बोलीत गेले आणि पुस्तकी मराठी ज्यांना पुढे भेटली, त्यांचा मेंदू दोन्ही भाषांत सारखाच दचकतो का? की घरच्या भाषेतली चूक अधिक खोल लागते? हे तिला तिच्या गावातल्या जुन्या माणसांच्या डोक्यांतून शोधायचे होते.

तिच्या वडिलांना, आनंदाला, हे कळत नसे. जमिनीवर इमारत उभी राहिल्यापासून त्यांना कशाची ददात नव्हती. फोनवरचा त्यांचा आवाज मी पुष्कळदा ऐकला आहे.

"अगो, फी मी भरतो ना. जागेचा पैसा कनाला हाय मंग?"

"पप्पा, पैसे भरून सीट नकोय मला. त्यांना माझं काम हवं असलं पाहिजे."

"तुजा काम म्हंजे दुसऱ्याची डोकी."

"हो. पण काम माझं आहे."

"बरा. जेवलीस काय?"

ती जेवलेली नसे. ती हो म्हणे.

पहिले डोके आले ते महिपतचे. तिघा भावंडांत महिपत थोरला, समृद्धीचा मोठा काका; बायजा मधली, तिची आत्या; आनंदा धाकटा. महिपत तरुणपणी मिठागरात राबलेला, पंचाहत्तरीतला, आणि पूर्ण टकला. समृद्धी बोथट सुईच्या पिचकारीने माझ्या एकेका भोकात वीज वाहून आणणारी चिकट जेल भरू लागली तसा तो गदगदा हसू लागला.

"माज्या टकलाव काय भाताची लावनी करतंस गो?"

"काका, हलू नको. हसलं की मशीनवर सगळं वाकडं येतं."

"मंग चप्पल कनाला शिजवतंस? भात शिजव, मी नाय हसाचा."

तरी त्याच्या नोंदी देखण्या आल्या. त्याच्या ओळखीतले सात म्हातारे मग एकामागून एक आले; कुणी टकले, कुणी बारीक केसांचे. आठ झाले. उरल्या चार बायका. त्या हव्याच होत्या, कारण पुरुष कामानिमित्त बाजारात, कचेरीत गेले होते. घरची बोली अस्सल राहिली होती ती बायकांजवळ. त्या चौघींची पुढारी बायजा. पहिल्या परिच्छेदात जी खुर्चीत बसली होती, ती हीच.

समृद्धीने बोटांवरचे तेल रुमालाला पुसले.

"आत्या, मी बोललेले ना, केस धुऊन ये."

"डोका धुतला ना! शिकेकाय लावून धुतला. मंग धुतल्याव तेल नको घालू?"

"तेल नव्हतं लावायचं, आत्या."

"तू तसा कवा बोल्लीस?"

खरेच होते. परदेशी पुस्तकात 'केस धुऊन यावे' एवढेच छापलेले होते, आणि तिने फोनवर तेवढेच सांगितले. जिथे ती वाढली तिथे धुतलेल्या डोक्याला तेल लागतेच, हे तिच्याखेरीज कुणाला अधिक ठाऊक असणार? पण अर्ज लिहिता लिहिता ती इतकी दूर गेली होती, की स्वतःच्या घरातली न्हाणी तिला आठवली नाही. आणि मित्रांनो, तेलाच्या थराखालून माझ्या चकत्यांना काहीसुद्धा ऐकू येत नाही.

"पुढच्या वेळी बिनतेलाची येशील?" तिने विचारले.

बायजाने मान वळवली. माझ्या तारा ताणल्या गेल्या.

"सुक्या डोक्यानं गावातून निघू? लोक इचारतील, बायजे, कोन गेला गो तुज्या घरानला?"

त्या लोकांत घरातले माणूस गेले की भावकीतल्या सगळ्या घरांना, आणि गावातच दिलेल्या लेकींनाही, दहा दिवसांचे सुतक. त्या दिवसांत कुणी डोक्याला तेल लावत नाही. बिनतेलाचे डोके म्हणजे मृत्यूची वर्दी. ती उगाच कोण देणार? समृद्धीने दवाखान्यातच केस धुऊ का म्हणून विचारले, तर बायजा म्हणाली, "परक्याच्या मोरीन केस सोडून बसू? येडी झालीस काय?" उरलेल्या तिघी भावकीतल्याच, त्यांचे उत्तर वेगळे नव्हते. स्पिरिटचे बोळे झाले, जाड पेस्ट झाली. झुडपे हटली नाहीत. तारीख सतरा दिवसांवर आली होती.

मग एका सकाळी फोन वाजला. महिपत चहा पिता पिता गेला होता.

समृद्धी मला थर्माकोलच्या डोक्यावर तशीच सोडून धावली. कड्यांत आदल्या दिवशीच्या सरावाची जेल होती. ती सुकली, कडक झाली. चार दिवस कुणी आले नाही.

पाचव्या दिवशी ती आली. तिच्या केसांत तेल नव्हते. कपाळाशी ते भुरभुरत होते. तिने पुष्कळ वेळ लावून मला धुतले. मग आरशासमोर उभी राहून तिने आपल्याच कोरड्या भांगावरून बोट फिरवले आणि ते बोट अंगठ्याला घासून पाहिले. मी तिच्या डोक्यावर नव्हते, म्हणून तेव्हा तिच्या आत काय दचकले ते सांगू शकत नाही. पण बोट तिथेच थांबले होते. नंतर तिने मला, ते छोटेखानी जुने यंत्र आणि लॅपटॉप एका कापडी पिशवीत भरले.

पिशवीतल्या अंधारातून मला लोकल कळली, मग रिक्षा, मग चिखल, मग चपला काढण्याचा आवाज. पिशवी जमिनीला टेकताच तिचे तोंड उघडले. बायजाच्या घरातला सोफा भिंतीला लावून जमिनीवर चटया अंथरल्या होत्या. कोपऱ्यात दिवा होता. शेजारच्या घरातून आलेली भाकरी झाकून ठेवली होती, आणि ती कुणी उघडली नव्हती. चार बायका बसल्या होत्या. चौघींची डोकी सुकी, राखाडी, आणि मोकळी.

बायजाने पिशवीकडे पाहिले.

"त्यान काय हाय?"

"काही नाही, आत्या."

"टोपी आनलीस."

समृद्धीने पायाच्या अंगठ्याने चटईची काडी दाबली.

"आत्या, आता होईल. केस... आता होईल नीट."

"तेरावा तरी होवू दे गो."

"तेराव्याच्या आधी तारीख आहे. मी विचारणार नव्हते. पण ही एकच जागा राहिलीये मला."

दिव्यात तेल घालायला एक बाई उठली आणि परत येऊन बसली. बायजाने पदर सावरला, आतल्या खोलीत जाऊन लोखंडी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "घाल."

मित्रांनो, इतके निर्मळ डोके मला आयुष्यात लाभले नव्हते. जेल टेकताच बत्तीसच्या बत्तीस चकत्यांना कातडी मिळाली. पडद्यावर रेघा अशा वाहू लागल्या, जणू कुणी हळू हाताने रांगोळीचे पीठ सोडत होते. समृद्धीच्या तोंडून "वा" निसटले. तिने लगेच ओठ आवळले.

वाक्ये सुरू झाली. "आयशीनं चुलीव चप्पल शिजवली." बायजा हसली नाही. रेघ दचकली आणि शांत झाली. एकामागून एक वाक्य गेले, बरोबर, चूक, चूक, बरोबर. मग यादीतले एक साधे वाक्य आले. महिनाभरापूर्वी समृद्धीने ते स्वतःच्याच आवाजात नोंदवले होते आणि त्यापुढे 'बरोबर' अशी खूण केली होती.

"दादूस सांजचा घरा आला."

दादूस म्हणजे मोठा भाऊ.

एकेका वाक्याची दचक यंत्राला दिसत नाही. शंभर वाक्यांची सरासरी काढावी, तेव्हा कुठे ती वर येते. पण मी यंत्र नव्हते; मी तिच्या कपाळाला टेकले होते. चूक नसलेल्या त्या वाक्यापाशी माझ्याखाली जे उठले, ते कुठल्याही शिजवलेल्या चपलेपाशी उठले नव्हते. बायजाने डोळे मिटले. मिटल्या पापण्यांची मोठी लाट सगळ्या रेघांवरून गेली. ती समृद्धीला दिसली. आपण हे वाक्य काढायला विसरलो, हेही तिला त्याच क्षणी कळले. तिचे बोट बटणावर होते. थांबवले असते तर नोंद वाया गेली असती.

तिने थांबवले नाही.

बायजा बसली म्हणून उरलेल्या तिघीही बसल्या. दुसऱ्या दिवशी सायंकाळी बारा पूर्ण झाले. त्या रेघा तारखेच्या आत दक्षिणेला गेल्या.

मुलाखत झाली ती दवाखान्याच्या याच खोलीत, पडद्यावर. मी शेजारी थर्माकोलच्या डोक्यावर होते. तिकडे तिघे जण होते. त्यांतल्या रचना मॅडम मूळच्या नागपूरच्या. पुष्कळ प्रश्न इंग्रजीत झाले आणि समृद्धीने ते चांगले पेलले. मग रचना मॅडमनी चष्मा काढला आणि मराठीत विचारले, "ह्या शेवटच्या चार बायका. जुनं यंत्र, जुनी टोपी, लांब केस. इतक्या स्वच्छ नोंदी कशा मिळाल्या हो तुम्हाला?"

सोपे उत्तर समोर होते. केस नीट धुऊन घेतले, एवढे म्हणाली असती तर ते खोटेसुद्धा ठरले नसते. समृद्धीने माझ्याकडे पाहिले, की माझ्या खालच्या त्या आंधळ्या डोक्याकडे, मला कळले नाही.

"घरात सुतक होतं," ती म्हणाली. "माझे काका गेलेले. सुतकात केसांना तेल लावत नाहीत. म्हणून."

"कितव्या दिवशी गेलात?"

"पाचव्या."

"नाही म्हणणं शक्य होतं त्यांना?"

"माहीत नाही, मॅडम. मी तसं विचारलंच नाही."

"दुःखातलं माणूस शब्द वेगळे ऐकतं. शास्त्र म्हणूनही ह्या नोंदी चालायच्या नाहीत, आणि माणुसकी म्हणूनही. बाजूला ठेवा त्या चार."

"मग आठच उरतात. बाई एकही नाही."

"आठ असू द्या. पण तसं लिहा, का ते."

पडदा काळा झाला. समृद्धीने हात मांडीवर ठेवले. खोलीत आम्ही तीन डोकी होतो, एक थर्माकोलचे, एक तिचे, आणि ज्याच्यावर मी कधी बसलेच नाही असे माझे स्वतःचे.

तीन आठवड्यांनी पत्र आले. त्यात आभार नव्हते. पाच वर्षांची जागा होती, दरमहा शिष्यवृत्ती होती, आणि एक अट: पहिल्या सहामाहीत कुणाच्याही डोक्याला हात न लावता, माणसांकडे काय मागावे, कधी मागावे आणि नकाराला जागा कशी ठेवावी, हे लिहून काढायचे. समृद्धीने ते पत्र तीनदा वाचले. बातमी सांगायला तिने फोन उचलला, आणि कुणाचेही नाव न दाबता खाली ठेवला. तिच्या या सगळ्या खटाटोपावर हसणारा काका आता नव्हता.

मित्रांनो, आता मी फार दिवस कामी येईन असे नाही. माझे ताणकापड सैल पडले आहे आणि दोन तारा आतून तुटल्या आहेत. मला कोमट पाण्यात धुवा, कड्यांत जेल सुकू देऊ नका, एवढे मी कुणालाही सांगेन. ते सांगणे सोपे आहे. त्याहून अवघड सांगायचे ते असे. कुणाच्या डोक्यावर काही ठेवायला जाल, तेव्हा आधी दारात क्षणभर उभे राहा. आत कोणता दिवस चालू आहे ते पाहा. तुमचे काम कितीही चांगले असो, समोरचे माणूस कितीही आपले असो, तो दिवस त्याचा असतो. स्वच्छ रेघ मिळाली म्हणजे ती आपली झाली असे नाही.

जाण्याच्या आदल्या रविवारी समृद्धी बायजाकडे गेली. डॉक्टरांनी मला तिला देऊन टाकले होते, म्हणून मीही पिशवीत होते. बायजा अंगणात सुपात सुकट निवडत होती. समोरच्या इमारतीची सावली तिच्या गुडघ्यापर्यंत आली होती.

"आत्या, माझं झालं. घेतलं मला त्यांनी."

"ऐकला मी. आनंद्या नाचत सांगून गेला." बायजाने सुपातला एक खडा लांब फेकला. "जेवाला काय मिलतंय तिकरं? मासली मिलतंय?"

"बघेन." समृद्धी पायरीवर बसली. "आत्या, तुझी रेघ त्यांनी घेतली नाही. तुमच्या चौघींची नाही घेतली. मी त्या दिवसांत यायला नको होतं, असं म्हणाल्या मॅडम. बरोबर म्हणाल्या."

सुपातली बोटे चालत राहिली.

"त्या दादूसच्या वाक्याला मी मशीन बंद करायला हवं होतं. बोट होतं माझं बटणावर."

बायजाने सूप एकदा पाखडले. धूळ उडाली आणि बसली.

"तू 'नाही' म्हणाली असतीस तर मी गेले असते गं परत. खरंच गेले असते. आत्या, तू तेव्हाच 'नाही' का म्हणाली नाहीस?"

बायजाने सूप खाली ठेवले. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, पदराला लागलेली धूळ झटकली, समृद्धीच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिले, "एकच जागा रायली बोल्लीस. मंग नाय कशी बोलू?" म्हणाली, आणि घराच्या मागच्या बाजूला निघून गेली.